सोलर बसवल्यावर पॉवर फॅक्टर घसरला? आधी सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) कुठे आहे ते बघा

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. छतावर सोलर चालू झालं, युनिट कमी झाले, पण बिलात पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरं काम करणारा हिस्सा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) ०.९८ वरून ०.८९ वर आला. एपीएफसी पॅनेल (कपॅसिटर आपोआप जोडून-काढून पॉवर फॅक्टर सांभाळणारं) मात्र ०.९८ च दाखवत होतं.

त्यातला रिले (कपॅसिटर चालू-बंद करणारा कंट्रोलर) बदलला, फरक शून्य. २५ केव्हीएआरचा (केव्हीएआर हे रिॲक्टिव्ह, म्हणजे मोटरना लागणाऱ्या पण काम न करणाऱ्या पॉवरचं माप) कायम जोडलेला फिक्स कपॅसिटर लावला, तर रात्री लोड उतरल्यावर पॉवर फॅक्टर लीडिंग (कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त) जायला लागला. दोन महिने डोक्याला नुसता ताप.

शेवटी कागदावर मांडलं. दुपारी लोड १०० किलोवॅट, २० केव्हीएआर. त्यातले ६० किलोवॅट सोलर देतं, रिॲक्टिव्ह काहीच नाही. मग ग्रिडकडून ४० किलोवॅट, पण केव्हीएआर तेच २०. म्हणजे ०.८९. आमचा सीटी सोलरच्या जोडणीच्या पुढे, लोडकडे होता, त्यामुळे रिलेला १०० किलोवॅटच दिसायचे.

केलं ते याच क्रमाने:
१. फिक्स कपॅसिटर काढला.
२. मेन बंद करून सीटी मीटरनंतर लगेच, सोलर आणि कपॅसिटर दोन्हींच्या आधी बसवला. चालू लाइनवर सीटीची सेकंडरी (रिलेकडे जाणारी बाजू) कधीच उघडी ठेवू नका, जिवावर बेतेल.
३. सीटी आर फेजवर, रिलेला व्होल्टेज वाय-बी (उरलेल्या दोन फेज) मधून. सीटीवर पी१ लिहिलेली बाजू मीटरकडे.
४. रिलेत सीटीचा नवा रेशो २००/५ (२०० अँपिअरला ५ अँपिअर) आणि सगळ्यात लहान स्टेप (कपॅसिटरचा टप्पा) ५ केव्हीएआर भरली. सुट्टीच्या दिवशी सोलरची वीज उलटी ग्रिडला जाते, म्हणून फोर क्वाड्रंट (वीज दोन्ही दिशांनी ओळखणारी सेटिंग) चालू केलं. टार्गेट ०.९९.

दुपारी मीटरवर ०.९९ दिसलं.