‘प्लंडर’ वापरताना या चुका टाळा

इंग्रजीत ‘लुटणे’ लिहायचं झालं की आपल्याकडे सरसकट ‘प्लंडर’ ठोकून दिलं जातं. पण आपलं ‘लुटणे’ भलतंच ऐसपैस आहे. बँक लुटतात, दागिने लुटतात, दसऱ्याला सोनं लुटतात आणि सहलीत मजाही लुटतात. मजेला साधं ‘एन्जॉय’ पुरतं. आपट्याच्या पानांसाठी ‘वी प्लंडर गोल्ड’ लिहिलंत, तर वाचणारा पोलिसांना फोन करेल! तिथे ‘एक्स्चेंज’ लिहा.

‘प्लंडर’मध्ये बळजबरी आणि धुमाकूळ आहे. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात जर्मनमधून आला, तोही युद्धातल्या सैनिकांच्या लुटालुटीसाठी. म्हणून 1664 च्या सुरतेच्या लुटीला ‘प्लंडर’ शोभतं. इतिहासाच्या पुस्तकांत ‘सॅक’ही दिसेल, म्हणजे पिशवी नव्हे, शहर लुटणं. लोकलमध्ये मोबाइल मारला गेला, तर मात्र ‘स्टोल’.

सगळ्यात जास्त घोळ कर्मात होतो. ‘दे रॉब्ड हर चेन’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत, अर्जांत सर्रास सापडतं आणि ते चूक आहे. ‘रॉब’चं कर्म म्हणजे ज्याला लुटलं तो माणूस किंवा ती जागा. गेलेली वस्तू ‘ऑव्ह’नंतर येते: ‘दे रॉब्ड हर ऑव्ह हर चेन’. लिहिण्याआधी ‘कोणाला लुटलं?’ असं विचारा. उत्तर थेट ‘रॉब’पुढे बसतं. ‘प्लंडर’ला हे बंधन नाही, त्याला गावही चालतं आणि खजिनाही.

‘रॅन्सॅक’ म्हणजे शोधाशोध करत घर उलथंपालथं करणं. काही चोरीला गेलंच पाहिजे असं नाही. ‘लूट’ हा तर हिंदीतूनच तिकडे गेलेला शब्द, दंगलीत दुकानं फोडली की हमखास वापरतात. पण ‘रिक्षावाल्यानं लुटलं’ याला ‘ही लूटेड मी’ आपल्याच लोकांना कळतं. बाहेर ‘ही रिप्ड मी ऑफ’ म्हणा, तक्रार अर्जात ‘ओव्हरचार्ज्ड’.

लुटीचा माल या अर्थी ‘प्लंडर’चं अनेकवचन करू नका. आणि ‘ब्लंडर’ टाइप झालं, तर स्पेलचेक गप्प बसतो, कारण तोही खराच शब्द.

क्रिकेटच्या बातम्यांत मात्र हे क्रियापद मजेत नांदतं. 1985 मध्ये वानखेडेवर रवी शास्त्रींनी बडोद्याच्या तिलकराजला एका षटकात सहा षटकार मारले, त्यावर ‘शास्त्री प्लंडर्ड थर्टी-सिक्स ऑफ द ओव्हर’ अगदी चपखल. फक्त इथला ‘ऑफ’ दोन ‘एफ’वाला आणि ‘रॉब’सोबतचा ‘ऑव्ह’ एकाच ‘एफ’चा.