स्कॅनर घेताय? आधी या चुका टाळा

अमेरिकेत मोठं वादळ येऊन गेलं की आपल्या मंडळींमध्ये स्कॅनर, म्हणजे इतरांचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारा संच, घ्यायची लाट येते. अग्निशमन दल, पोलीस, अँब्युलन्स यांचं बोलणं थेट ऐकावंसं वाटणं रास्तच आहे. पण चुका त्याच त्या होतात, आणि निम्म्या तर खरेदीच्या वेळीच.

काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, कोणती रेडिओ यंत्रणा चालते हे न बघता संच मागवू नका. युनिडेनचा बीसी१२५एटी चांगला रेडिओ आहे, पण ॲनालॉग, जुन्या पद्धतीचा. विमानं, रेल्वे, १६२ मेगाहर्ट्झवरचं हवामान यासाठी उत्तम. काउंटी पी-२५ या डिजिटल पद्धतीवर गेली असेल तर त्यावर नुसती खरखर ऐकू येणार. रेडिओरेफरन्स या वेबसाइटवर आपल्या काउंटीचं पान शेवटपर्यंत वाचा. टॉकग्रुपच्या (एकेका दलाच्या बोलण्याच्या गटाच्या) मोडमध्ये डी किंवा टीपुढे कॅपिटल ई दिसला की ते एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक कुलुपात. कितीही महागडा स्कॅनर घ्या, ते ऐकू येणार नाही. वॉशिंग्टन डीसीचे पोलीस २०११ मध्ये असेच बंद झाले. हे पान वाचायला दहा मिनिटं लागतात, तरी लोक आधी पैसे भरतात आणि मग मला फोन करतात.

आता सायमलकास्ट. इथे भलेभले फसतात.

२०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीत पूर आला. त्यानंतर एडिसनमधल्या एका स्नेह्यांनी डिजिटल स्कॅनर घेतला. सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण, पण आवाज तुटक, पाण्याखालून बोलल्यासारखा. त्यांनी ठरवलं की अँटेना कमी पडतेय. छतावर उंच अँटेना चढवली, जाड केबल टाकली, माणूस लावून भोकं पाडून घेतली. आवाज आणखी बिघडला! मग मला बोलावलं.

कारण साधं आहे. सायमलकास्टमध्ये एकच बोलणं अनेक टॉवर एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर सोडतात. प्रत्येकाचं अंतर वेगळं, म्हणून ते आपल्याकडे किंचित पुढेमागे पोचतं आणि साध्या स्कॅनरचा गोंधळ उडतो. छतावरच्या अँटेनाने जास्त टॉवर ऐकू येतात, म्हणजे गोंधळही जास्त. मी ती केबल काढली, स्कॅनरला बोटभर लांबीची अँटेना लावली, सिग्नल मुद्दाम कमी करणारा ॲटेन्युएटर चालू केला आणि संच हातात धरून घरभर फिरलो. जेवणघराच्या खिडकीत, भिंतीला टेकवून ठेवल्यावर डिस्पॅचरचा (गाड्यांना कुठे जायचं ते सांगणाऱ्याचा) शब्दन् शब्द कळायला लागला. दोन फूट सरकवला की पुन्हा गुरगुर.

म्हणून माझी सवय अशी: आधी जागा बदलायची, मग अँटेना लहान करायची, मग एकाच टॉवरकडे रोखलेली यागी, म्हणजे एकाच दिशेचं पकडणारी अँटेना. एवढं करूनही जमलं नाही तरच युनिडेनचे एसडीएस१०० किंवा एसडीएस२००. ते सायमलकास्टसाठीच बनवलेत, पण खिसा रिकामा करतात. लोकांना मात्र उतावळेपणाने थेट शेवटची पायरी हवी असते.

बाकीच्या चुका थोडक्यात. १५५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची अँटेना साधारण ४८ सेंटिमीटर, ७७० ला जेमतेम १० सेंटिमीटर. एकच दांडी सगळीकडे चालत नाही. स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारं बटण, पूर्ण आवळून ‘काहीच येत नाही’ म्हणू नका. शेकडो टॉकग्रुप एकदम स्कॅनला लावू नका. आधी फक्त अग्निशमन दलाचा डिस्पॅच ठेवा, आठवडाभर ऐका, युनिटांची नावं आणि त्यांचे संकेत कानात बसू द्या. गाडीत लावण्याआधी राज्याचा कायदा बघा. न्यूयॉर्कमध्ये हॅम (हौशी रेडिओ) परवाना किंवा खास परवानगी नसेल तर पोलीस फ्रिक्वेन्सी पकडणारा संच गाडीत बसवता येत नाही.

सगळ्यात जास्त राग येतो तो ऐकलेलं लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्यांचा. रेडिओवर येते ती पहिली, अर्धवट खबर. पत्ता चुकतो, नाव चुकतं, ‘गोळीबार’ म्हणजे फटाके निघतात. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन स्फोटांच्या शोधमोहिमेत स्कॅनरवर ऐकल्याचं सांगत भलत्याच माणसांची नावं संशयित म्हणून इंटरनेटवर पसरली. पोलिसांना जाहीर विनंती करावी लागली की झडती चाललेल्या घरांची ठिकाणं प्रसारित करू नका. घरात अडकलेल्या कुणाचा पत्ता आणि आजार तुमच्या कानावर पडला, तर तो तुमच्यापाशीच राहिला पाहिजे.

आणि सुट्टीला जाताना भाच्यासाठी स्कॅनर बॅगेत टाकू नका. भारतात असा संच विनापरवाना बाळगण्यावर १९३३ च्या कायद्यापासून बंदी आहे.