तळ्याकाठून समुद्रापर्यंत गाडीने जायचंय? मग यादी शेवटाकडून लिहा

ट्रिपचा प्लॅन म्हटलं की सगळे निघायच्या वेळेपासून सुरुवात करतात, पहाटे ५ ला निघू, वाटेत नाश्ता करू, मग पोचू तेव्हा पोचू. तळ्यापासून समुद्रापर्यंतच्या प्रवासाला हे चालत नाही असं माझं ठाम मत आहे. इथे दोन गोष्टी कुणासाठी थांबत नाहीत, ओहोटी आणि सूर्यास्त, बाकी नाश्ता, फोटो, डुलकी, सगळं मागेपुढे करता येतं. म्हणून यादीची पहिली ओळ समुद्राची लिहायची आणि तिथून मागे मागे येत तळ्यापाशी पोचायचं.

तर पहिलं काम, ज्या किनाऱ्यावर जाणार तिथल्या त्याच तारखेच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढा. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे वेळ रोज ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. आठवड्याभरात चित्र जवळजवळ उलटं होतं, त्यामुळे मागच्या रविवारी जाऊन आलेल्या मित्राने कितीही छातीठोकपणे "संध्याकाळी मस्त ओहोटी असते" सांगितलं तरी ते तुमच्या रविवारी कामाचं नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप आतही जातं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. आणि एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, पाणी एकाच वेगाने चढत नाही. ओहोटी ते भरती या सहाएक तासांत पहिल्या तासाला जेमतेम बारावा हिस्सा चढतो, पण मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. खडकांपलीकडच्या छोट्या पुळणीवर चालत गेलेली माणसं अडकतात ती याच वेळेला, कारण सुरुवातीला "अजून किती लांब आहे पाणी" असंच वाटत राहतं. त्यामुळे पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोचायचं आणि पाणी वळलं की परत फिरायचं, एवढं यादीत ठळक लिहून ठेवा.

सूर्यास्ताचं गणित किनाऱ्याचं तोंड कुठे आहे त्यावर. पश्चिमेला असेल तर सूर्य पाण्यात बुडताना दिसेल, पूर्वेला असेल तर मुक्काम करून सूर्योदय बघायचा, तिथे संध्याकाळसाठी धावपळ करण्यात अर्थ नाही. पश्चिमेकडे जाणार असाल तर शेवटचा टप्पा नेमका डोळ्यांवर येणाऱ्या उन्हात चालवावा लागतो, त्यासाठी गॉगल हवाच पण त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे समोरची काच आतून पुसा. बाहेरून सगळे धुतात, आतल्या बाजूला बसलेला पातळ थर तिरप्या उन्हात पांढरा होतो आणि पुढचं काही दिसत नाही. वाटेत उजेड किती उरलाय बघायचं असेल तर गाडी बाजूला थांबवून हात पूर्ण लांब करा, क्षितिज आणि सूर्य यांच्यात आडवी बोटं मोजा, एका बोटाला अंदाजे पाव तास.

आता तिथून मागे या. मॅप जो वेळ दाखवतो तो सगळ्यात फास्ट रस्त्याचा असतो आणि तुम्हाला तर सुंदर रस्ता हवाय, म्हणून मधली गावं, खिंडी, व्ह्यू पॉइंट एकेक करून स्टॉप म्हणून टाका नाहीतर ते अ‍ॅप गुपचूप तुम्हाला हायवेला नेऊन सोडेल. मग जो वेळ येईल त्यात निदान एक तृतीयांश वाढवा, वळणाच्या रस्त्यावर तेवढा जातोच. दर दोन तासांनी १५ मिनिटं थांबणं वेगळं धरा. दुपारी २ ते ४ मध्ये झोप अनावर होते, तो टप्पा ज्याची झोप चांगली झालीय त्याच्याकडे द्या. डोंगरात रेंज जाते म्हणून मॅप ऑफलाइन डाऊनलोड करून ठेवा आणि मुक्कामाचा पत्ता कागदावरही लिहा, फोन गरम होऊन बंद पडला तर कागदच कामाला येतो.

तळ्याचा भाग मात्र घाईत उरकू नका, आदल्या रात्री तळ्याकाठीच राहा. पहाटे हवा गार झालेली असते आणि पाणी त्यामानाने कोमट, त्यामुळे पाण्यावर वाफेसारखं धुकं तरंगतं, ऊन चढलं की ते बघता बघता विरून जातं. हे चुकवलं तर अर्धी ट्रिपच गेली असं मी म्हणेन. तळ्यात कयाक किंवा फुगवायची बोट वापरली असेल तर निघायच्या आधी ती धुवा, आतलं पाणी तिथेच ओता, वाळवा, मगच टपावर चढवा. ओल्या सामानाला चिकटून शिंपल्यांची पिल्लं आणि पाणवनस्पतींचे तुकडे दुसऱ्या पाण्यात जातात. युरोपातला झेब्रा शिंपला १९८८ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर तळ्यात सापडला, तो आला होता जहाजांमधल्या पाण्यातून, पण पुढे तळ्यातळ्यांत पसरायला अशा छोट्या बोटीही पुरल्या. वाटेत अजून एखादं तळं किंवा नदी लागणार असेल तर हे काम टाळूच नका, ते पाणी आपलं नाही.

गाडीबद्दल. तळं उंचावर असेल तर सगळा प्रवास उताराचा, आणि लोक तयारी करतात चढाची! खरी परीक्षा ब्रेकची असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, गाड्यांत वापरतात ते डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा मुरल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो. लांब घाटात सतत ब्रेक दाबून ठेवला की ते तापतं, बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. म्हणून दोन वर्षं झाली असतील तर निघायच्या आधी बदलून घ्या, आणि जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायचं डोक्यातही आणू नका. इलेक्ट्रिक गाडी असेल तर वर असताना १०० टक्के चार्ज करू नका, बॅटरीत जागाच नसली तर उतारावरची वीज ती घेऊ शकत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

टायरची हवा सकाळी गाडी गार असताना बघा, किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. तापमान ५-६ अंशांनी बदललं की हवा साधारण १ पीएसआयने बदलते, त्यामुळे उकाड्यात पोचल्यावर आकडा जास्त दिसला म्हणून तापलेल्या टायरमधली हवा काढत बसू नका. स्टेपनीतली हवाही बघा, ती कुणीच बघत नाही. जॅक, पाना, रिफ्लेक्टरचा त्रिकोण, टॉर्च, आणि चाकांना लॉकवाला नट असेल तर त्याची चावी घेतलीय ना बघा.

कपड्यांचं सोपं आहे. दर हजार मीटर उतरलात की सहाएक अंशांनी उकाडा वाढतो, तर सकाळचं स्वेटर वर ठेवा, दुपारचा सुती शर्ट हाताशी. उतरताना कान बंद होतात, आवंढा गिळा, जांभई द्या, तान्हं बाळ असेल तर त्याला त्या वेळी दूध पाजा. गाडी लागणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा, मोबाइल बघू देऊ नका, आणि गोळी द्यायची तर वळणं सुरू व्हायच्या अर्धा-एक तास आधी. तीच गोळी ड्रायव्हरने घ्यायची नाही, झोप येते. वरून आणलेली अर्धी रिकामी बाटली खाली पोचेपर्यंत चेपते, त्यात बिघडलं काही नाही, हवेचा दाब वाढतो एवढंच, मुलांना दाखवा, त्यांना फार आवडतं.

किनाऱ्यावर पोचल्यावर पहिली पाच मिनिटं कुणीही पाण्यात जायचं नाही, नुसतं उभं राहून बघायचं. लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद दिसतोय, तिथे पोहायला सोपं वाटतं पण पाणी परत आत ओढणारा प्रवाह बहुतेक वेळा तिथेच असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला निघा. लाल-पिवळे झेंडे असतील तर त्या दोघांच्या मधल्या जागेत जीवरक्षकाचं लक्ष असतं, नुसता लाल असेल तर पाण्यात जायचं नाही. तळ्यात चांगलं पोहणाऱ्यांनी तर हे जास्तच मनावर घ्या, तळं ओढत नाही, समुद्र ओढतो. सनस्क्रीन पाण्यात जायच्या १५-२० मिनिटं आधी लावा आणि दर दोन तासांनी परत.

गाडी वाळूत नेऊ नका. रुतली तर अ‍ॅक्सिलरेटर दाबून चाक फिरवत बसल्याने ती अजून खोल जाते, चाकांपुढची वाळू हाताने काढा, टायरची हवा थोडी कमी करा आणि हळू बाहेर घ्या, पक्क्या रस्त्यावर आलात की हवा भरूनच पुढे जा. खारी हवा आणि ओली वाळू गाडीच्या पोटाला चिकटून राहते, तेव्हा परतल्यावर दोन दिवसांत खालून गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारून घ्या, चाकांच्या आतल्या कमानींतही, नुसतं वरून पुसून भागत नाही.