तारापूर-बोईसरच्या कारखान्यांसाठी भूकंपाची तयारी

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास. दोन्ही वेळा माणसं घरात झोपलेली होती, त्यामुळे महाराष्ट्रात भूकंप म्हटलं की डोळ्यांपुढे घरच येतं. पण तारापूर औद्योगिक वसाहतीत पहाटे चारला रात्रपाळी चालू असते. शिवाय नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, तलासरी, डहाणू या पट्ट्यात धक्क्यांची रांगच लागली होती आणि तिथून बोईसर काही लांब नाही. म्हणून तयारी रात्रपाळीपासून धरावी: मॅनेजर घरी, मेंटेनन्सला मोजकी माणसं आणि अर्धे कामगार कंत्राटी.

पहिलं काम शेडमधून एक फेरी मारण्याचं. प्रत्येक ठिकाणी उभं राहून वर आणि बाजूला बघायचं, की हे हललं तर कुणाच्या अंगावर येईल. स्टोअरमधले उंच रॅक जमिनीला अँकर बोल्टने आणि वरून भिंतीला बांधलेले हवेत. जड ड्रम खालच्या कप्प्यात, हलके खोके वर. ऑफिसमधली लोखंडी कपाटं दाराच्या वाटेवर असतील तर आजच हलवा, कारण आडवं पडलेलं कपाट सुटकेची वाटच बंद करतं.

गॅस सिलिंडरपाशी जरा जास्त वेळ थांबा. एकच सैल साखळी कमरेएवढ्या उंचीवर लोंबत असेल तर तिचा उपयोग नाही. एक साखळी वरच्या भागात, एक खाली, दोन्ही ताणलेल्या आणि भिंतीतल्या पक्क्या हुकात. वापरात नसलेल्या सिलिंडरवर टोपी घट्ट बसवलेली. भरलेला सिलिंडर पडून व्हॉल्व्ह तुटला, तर तो सुसाट सुटतो आणि वाटेत येईल त्याला धडकतो. लॅबमध्ये मांडणीच्या कडेला बाटल्या अडतील अशी पट्टी लावा आणि ॲसिड नि अल्कली एकाच मांडणीत ठेवू नका.

धक्का बसला की काय करायचं, हे प्रत्येक जागेसाठी वेगळं ठरवावं लागतं. ऑफिसात टेबलाखाली बसायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा आणि हलणं थांबेपर्यंत सोडायचा नाही. टेबल नसेल तर काचेपासून लांब, आतल्या भिंतीला लागून गुडघ्यांवर वाकून हातांनी डोकं आणि मान झाकायची. रॅकच्या गल्लीत असाल तर जवळच्या टोकाने बाहेर पडून तिथेच वाका. फोर्कलिफ्टवाल्याने गाडी थांबवून फोर्क खाली टेकवायचे आणि पट्टा लावून जागेवरच राहायचं. लिफ्टमध्ये सगळ्या मजल्यांची बटणं दाबा, दार उघडेल तिथे उतरा. धक्का चालू असताना जिन्याकडे धावायचं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये डहाणू भागात घाबरून बाहेर पळताना पडून एका चिमुरडीचा जीव गेला होता.

रसायनांची प्रक्रिया करणारा रिॲक्टर चालू असेल तर? याचं उत्तर प्रत्येक प्लँटचं वेगळं आहे आणि ते आधी कागदावर यायला हवं. कोणता व्हॉल्व्ह कोण बंद करणार, विजेचं मेन पॅनेल कोण बंद करणार, प्रत्येक पाळीत त्याच्या जागी दुसरा कोण. हा कागद मराठीसोबत हिंदीतही लावा. उत्तरेकडून आलेला, कामावर नवीन असलेला मुलगा मराठी पाटी वाचत थांबणार नाही. कुलूपबंद मागचं दार ही तर अक्षम्य गोष्ट आहे. माल चोरीला जातो म्हणून कुलूप लावलंय हे कारण मला कधीच पटलेलं नाही.

हलणं थांबल्यावर चालत बाहेर. जमण्याच्या जागा दोन ठरवा, एकमेकींच्या विरुद्ध दिशांना, कारण गळती झाली तर वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला कुणी उभं राहता कामा नये. विजेच्या तारा, टाक्या आणि शेडची भिंत यांच्यापासून लांब. गेटवरच्या मस्टरमध्ये कंत्राटी माणसांची, ट्रक ड्रायव्हर आणि क्लीनरची नावंही हवीत, नाहीतर मोजणी जुळली असं वाटेल आणि आत कुणीतरी राहील. गॅसचा वास आला तर एकही स्विच दाबू नका, बाहेर लांब जाऊन ११२ लावा, जखमींसाठी १०८. घरी फोनऐवजी मेसेज करा, लाइन मोकळी राहते.

नंतरचे धक्के बसणार हे धरूनच चाला. खांबावर तिरक्या भेगा, बिमच्या सांध्यापाशी सुटलेलं काँक्रीट, छताचा वाकलेला लोखंडी सांगाडा (ट्रस) दिसला तर स्ट्रक्चरल इंजिनिअर पाहून जाईपर्यंत कुणालाही आत सोडू नका, डबा किंवा मोबाइल आणायलाही नाही. आणि त्या पाळीचा पगार कापला जाणार नाही, हे मालकाने आधीच लेखी सांगून ठेवावं. रोजंदारीवरचा माणूस हजेरी बुडेल या भीतीनेच परत आत जातो.