ड्रायरचा थर्मल फ्यूज आणि थर्मोस्टॅट बदलताना या चुका टाळा

जून ते सप्टेंबर या काळात कोकण किनाऱ्यावर दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, नुसते कुबट होतात. त्यामुळे अलिबागपासून मालवणपर्यंत पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांकडे, आणि आता बऱ्याच घरांतही, विजेवर चालणारा ड्रायर आला आहे. नेमका भर पावसात तो रुसतो. ड्रम फिरतो पण हवा गारच येते, नाहीतर बटण दाबूनही यंत्र हलत नाही. या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा उडालेला थर्मल फ्यूजच सापडतो, कारण काही बनावटींत तो हीटरच्या वाटेत आणि काहींत मोटारीच्या वाटेत बसवलेला असतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे फ्यूज बदलून झाकण लावून मोकळे होणे. हा फ्यूज विजेचा दाब वाढला म्हणून उडत नाही. तो फक्त तापमान पाहतो आणि एकदा तुटला की थंड झाल्यावरही पुन्हा जोडला जात नाही. तो उडाला याचा अर्थ यंत्रातील गरम हवा बाहेर जात नव्हती किंवा हीटर वेळेवर बंद होत नव्हता. ते कारण तसेच राहिले, तर नवा फ्यूजही जुन्याच्याच वाटेने जाईल.

हवा बाहेर टाकणाऱ्या ड्रायरच्या बाबतीत कोकणात हे कारण बहुतेक वेळा यंत्रात नसून बाहेरच्या भिंतीवर असते. पावसाळ्यापूर्वी पडवीला आणि पश्चिमेच्या भिंतीला ताडपत्री बांधली जाते आणि तिच्याआड ड्रायरच्या पाइपाचे तोंड झाकले गेले, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तोंड उघडे असले तरी ते समुद्राच्या बाजूला असेल, तर नैर्ऋत्येचा वारा त्यावरील झडप आतल्या बाजूस दाबून धरतो. शिवाय कपड्यांतून सुटणारे तंतू एरवी कोरडे असल्यामुळे उडून जातात, परंतु दमट हवेत ते पाइपाच्या वळणावर ओले होऊन चिकटतात आणि त्यांचा नमद्यासारखा घट्ट थर बसतो. उन्हाळ्यात यंत्र बंद असताना कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असेल, तर तेही पाहावे. निदानाची सोपी रीत अशी, की पाइप यंत्रापासून सोडवून ड्रायर थोडा वेळ चालवावा. आता मागून हवेचा जोरदार झोत आला, तर दोष पाइपात आहे. तसे झाले नाही, तर तंतू अडवणारी जाळी, हवा ढकलणाऱ्या ब्लोअरचा पंखा आणि त्याभोवतीचा तंतूंचा गाळ तपासावा.

दुसरे कारण वीज जाण्याचे आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ड्रायर ऐन तापलेला असताना वीज गेली, की पंखाही थांबतो; हीटरमधील उरलेली उष्णता जागच्या जागी कोंडते आणि हीटरच्या डब्यावरील कटऑफ, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा भाग, तिच्यानेच उडू शकतो. अशा वेळी दार उघडून कपडे लगेच बाहेर काढावेत आणि पसरून ठेवावेत. वादळी हवेच्या दिवशी मोठा घाणा लावण्याऐवजी थोडे थोडे कपडे घालणे बरे. खोबरेल तेलाचे पंचे मात्र कोणत्याही दिवशी ड्रायरमध्ये घालू नयेत, ते पेट घेऊ शकतात.

फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा जोडून ‘तात्पुरते’ यंत्र चालू करून देणारे कारागीर गावोगावी भेटतात. हे एका दिवसापुरतेही करू नये, कारण तंतूंच्या गाळाशेजारी तापलेली कॉइल आणि तिला थांबवणारे काहीच नाही, अशी ती व्यवस्था असते.

तपासणीपूर्वी प्लग काढावा. केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही. मल्टिमीटर लावताना फ्यूजची निदान एक वायर सोडवावी, नाहीतर दुसऱ्या मार्गाने वीज वाहून मीटर खोटी ग्वाही देतो. जोड असल्याचे सांगणाऱ्या मीटरच्या ‘बीप’वर केवळ विसंबू नये, २०० ओहमची श्रेणी लावावी. चांगला फ्यूज जवळजवळ शून्य दाखवतो. थर्मोस्टॅट म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करणारा भाग; थंड असलेला साधा थर्मोस्टॅटही तसाच जोडलेला असतो, तर २००० वॉटच्या हीटरची कॉइल २३० व्होल्टच्या हिशेबाने सुमारे २६ ओहम दाखवते. बऱ्याच नव्या यंत्रांत हवेचे तापमान पाहायला थर्मोस्टॅटऐवजी थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा भाग, असतो. त्याचा रोध हजारो ओहमांत असल्याने बीप होत नाही आणि चांगला भाग विनाकारण फेकला जातो. काही यंत्रांत कटऑफवर छोटे बटण असते. ते दाबून यंत्र सुरू होते, म्हणून कारण न शोधता पुन्हा पुन्हा दाबत राहणे हीही फसवणूकच.

नवा भाग घेताना दिसायला सारखा म्हणून गिझरचा किंवा राइस कुकरचा भाग बसवू नये. तापमानाचा आकडा आणि अँपिअर दोन्ही जुळले पाहिजेत. एकाच यंत्रात तीन-चार भाग सारखे दिसतात. काही प्रचलित अमेरिकी बनावटींत ब्लोअरजवळचा फ्यूज ९१ अंश सेल्सिअसला तुटतो, तर हीटरच्या डब्यावरील कटऑफ १७८ अंशांना. त्यांची अदलाबदल झाली, तर एक विनाकारण उडेल आणि दुसरा गरज असताना उडणार नाही. म्हणून वायरी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा. डब्यावरील कटऑफ उडाला असेल, तर त्याच्या शेजारचा हाय-लिमिट थर्मोस्टॅटही (डबा फार तापला की हीटर थांबवणारा) सोबतच बदलावा, कारण त्याने वेळेवर वीज तोडली नसण्याची शक्यता असते.

खाऱ्या हवेने थिंबलवर, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर, हिरवट थर चढतो. तशा सैल, काळवंडलेल्या जोडावर नवा फ्यूज बसवला, तर जोडच तापतो आणि फ्यूजला खोटी उष्णता पोचते. थिंबल पॉलिश पेपरने साफ करून ती घट्ट बसते का पाहावे, न बसल्यास नवी दाबून लावावी. डाग देऊन (सोल्डर करून) जोड करू नये. डागाच्या उष्णतेने फ्यूज बसण्यापूर्वीच जातो.

शेवटी यंत्र रिकामे चालवून बाहेरच्या तोंडाशी हात धरावा आणि हवा जोरात येते का, हीटर मधूनमधून बंद होतो का, हे पाहावे. हवा भरपूर असूनही हीटर थांबतच नसेल, तर कंट्रोल बोर्डावरील रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा स्विच, चिकटलेला असू शकतो. आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर तुटलेली कॉइल डब्याला टेकली आहे का ते तपासावे. या दोन्ही दोषांत प्लग काढून ठेवून तंत्रज्ञाला बोलवावे.