कॅबिनेटचा पत्रा पारखावा कसा?

धान्याची कोठी किंवा लोखंडी कपाट घेताना खानदेशातला माणूस नुसत्या रंगावर जात नाही. तो दाराच्या मधोमध अंगठा दाबून पाहतो, पत्रा किती गेजचा आहे ते विचारतो, कडा नीट मुडपल्या आहेत की नाहीत हे बोट फिरवून तपासतो आणि मगच भावाचे बोलतो. तोच माणूस घरातल्या मुलामुलींसाठी डेस्कटॉप जुळवायला जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये गेला, की मात्र कॅबिनेटच्या तोंडावरचे रंगीत दिवे पाहून होकार देतो. वास्तविक कॅबिनेट हीदेखील घड्या घालून आणि रिव्हेट ठोकून बनवलेली पत्र्याची पेटीच आहे, आणि कोठी पारखणारी नजर तिथेही तितकीच उपयोगी पडते. ती नजर कॅबिनेटकडे कशी वळवावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. (बोलताना अनेक जण या संपूर्ण पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात. सीपीयू ही आतल्या बोर्डावर बसणारी चिप असते, तेव्हा दुकानात ‘कॅबिनेट’ असेच म्हणावे.)

आधी जागा आणि माप ठरवावे

आत कोणता मदरबोर्ड (सर्व भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड) बसणार आहे हे प्रथम निश्चित करावे. एटीएक्स हे बोर्डाच्या ठरावीक मापाचे नाव आहे: पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा असतो, तर मायक्रो एटीएक्स बोर्ड जास्तीत जास्त २४४ × २४४ मिलिमीटरचा. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून गरजेपेक्षा मोठी पेटी घेण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु पत्रा तोच असताना पेटी जितकी मोठी, तितकी तिची बाजू अधिक लवते. त्यामुळे एकाच किमतीत मिळणाऱ्या मोठ्या आणि लहान कॅबिनेटपैकी लहान कॅबिनेट बहुधा अधिक घट्ट निघते.

दुसरा प्रश्न कॅबिनेट ठेवणार कुठे, हा आहे. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि घरोघरी कूलर सुरू असतो. कूलरची हवा ओलसर असते, आणि त्या ओलाव्याने काय होते हे पाहायचे असेल, तर चार उन्हाळे वापरलेल्या कूलरच्या तळाचा पत्रा पाहावा. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात येणार असेल किंवा रोज पाण्याने पुसल्या जाणाऱ्या फरशीवर राहणार असेल, तर गंजाचा विचार पहिल्या क्रमांकावर घ्यावा लागतो.

पत्रा ओळखावा

खिशात एक लहान लोहचुंबक घेऊन जावे. चुंबक चिकटला तर पोलाद, न चिकटला तर ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिक. बाजारातील बहुतेक कॅबिनेटे पोलादाचीच असतात. मात्र त्यातही दोन जाती आहेत आणि त्या माहितीपत्रकावर अक्षरांत लिहिलेल्या असतात. ‘एसपीसीसी’ म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला साधा पोलादी पत्रा. त्याचे संरक्षण फक्त वरच्या रंगावर अवलंबून असते. ‘एसईसीसी’ म्हणजे विजेच्या साह्याने जस्ताचा पातळ थर चढवलेला पत्रा. यात रंग खरवडला गेला, तरी जस्त आधी झिजते आणि काही काळ पोलादाला वाचवते. वर उल्लेख केलेल्या ओलाव्याच्या जागेसाठी शक्य तर एसईसीसी निवडावे. कोरड्या खोलीत टेबलावर ठेवायचे असेल, तर चांगल्या पावडर कोटिंगचे (भुकटीच्या रूपात फवारून भट्टीत पक्का केलेला रंग) एसपीसीसी पुरेसे आहे. त्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता जाडी. स्वस्त कॅबिनेटांचा पत्रा ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतो, चांगल्यांचा ०.६ ते ०.८, आणि १ मिलिमीटर पत्र्याचे कॅबिनेट क्वचितच दिसते. कपाटवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर २६ गेज म्हणजे सुमारे ०.४६ मिलिमीटर, २४ गेज ०.५६, २२ गेज ०.७१ आणि २० गेज ०.९१ मिलिमीटर. हे आकडे जवळजवळचे वाटतात, पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ०.५ ऐवजी ०.७ मिलिमीटरचा पत्रा घेतला, तर तो सव्वापट किंवा दीडपट नव्हे, तर सुमारे पावणेतीन पट कमी वाकतो. म्हणूनच कागदावर क्षुल्लक दिसणारा हा फरक हाताला लगेच जाणवतो.

दुकानात व्हर्नियर (बारीक जाडी मोजण्याचे साधन) मिळाल्यास बाजूच्या पत्र्याची कड मोजून पाहावी, परंतु एक सावधगिरी बाळगावी. पावडर कोटिंगचा थर एका बाजूस साधारणपणे ०.०६ ते ०.१ मिलिमीटर असतो आणि तो दोन्ही बाजूंना असतो. व्हर्नियरवर ०.६५ दिसले, तर आतला पत्रा ०.५ च्या आसपासचा आहे असे समजावे. मुडपलेल्या कडेवर मोजले तर दुप्पट जाडी दिसेल, हे सांगायला नकोच.

ॲल्युमिनियमविषयी थोडे

ॲल्युमिनियमचे कॅबिनेट म्हणजे उत्तम कॅबिनेट, असा एक समज आहे. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही आणि त्याचे वजन पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश असते, हे खरे. परंतु त्याचा अंगभूत ताठपणाही पोलादाच्या एक-तृतीयांशच असतो. म्हणून ०.७ मिलिमीटर पोलादाची बरोबरी करायला ॲल्युमिनियम साधारण १ मिलिमीटर जाड असावे लागते. त्याहून पातळ असल्यास ते न घेतलेले बरे. त्यातले आटेही लवकर जातात, त्यामुळे वारंवार उघडझाक करणाऱ्याने स्क्रू जपून पिळावेत.

‘ॲल्युमिनियम आतील भाग थंड ठेवते’ या दाव्यावर तर अजिबात विसंबू नये. ते उष्णता चांगली वाहते यात शंका नाही, पण प्रोसेसर (म्हणजेच सीपीयू) आणि ग्राफिक्स कार्ड यांची उष्णता पेटीच्या भिंतींपर्यंत पोहोचण्याआधीच पंख्यांची हवा तिला बाहेर नेत असते. खानदेशच्या उन्हाळ्यात मशीन वाचते ते जाळीमुळे आणि पंख्यांमुळे. भिंत कोणत्या धातूची आहे, याने तिथे फारसा फरक पडत नाही.

घडी, सांगाडा आणि हाताची परीक्षा

केवळ जाडी पाहून निर्णय घेऊ नये. धान्याच्या कोठीचा पत्रा फारसा जाड नसतो, तरी क्विंटलभर दाण्याचा भार ती सोसते. कारण तिच्या अंगावर उठवलेले आडवे पट्टे असतात आणि तिच्या कडा वळवलेल्या असतात. कॅबिनेटचेही तसेच आहे. कडा दुहेरी मुडपलेल्या, मागच्या भागावर उठवलेले पट्टे आणि वरच्या बाजूस आडवी पट्टी असलेले ०.६ मिलिमीटरचे कॅबिनेट सपाट पत्र्याच्या ०.७ मिलिमीटर कॅबिनेटपेक्षा अधिक घट्ट असू शकते. ही गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही, म्हणून नमुना खोक्यातून बाहेर काढायला सांगावे आणि पुढील चाचण्या स्वतःच्या हाताने कराव्यात. दुकानदार कुरकुरला तरी संकोच करू नये.

प्रथम कॅबिनेट सपाट काउंटरवर उभे ठेवून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबावेत. ते डुगडुगत असेल, तर बहुधा सांगाडाच पिळलेला असतो. अर्थात एखादा रबरी पाय नीट बसलेला नाही ना, हे आधी पाहावे. त्यानंतर दोन्ही बाजूंचे पत्रे काढून टाकावेत आणि उघडा सांगाडा वरच्या एका कोपऱ्याला व खालच्या विरुद्ध कोपऱ्याला धरून हलकेच पिळावा. ही सर्वांत महत्त्वाची परीक्षा आहे. बाजू लावलेल्या असताना कोणतीही पेटी ताठ वाटते. त्या काढल्यावर उरतो तो सांगाडा, आणि मदरबोर्ड त्या सांगाड्यावरच कसलेला असतो. सांगाडा पिळला, तर बोर्डही पिळला जातो. थोडी लवचिकता प्रत्येकात असते, पण कोपरा स्पष्टपणे सरकताना दिसला किंवा रिव्हेटच्या जागी करकर ऐकू आली, तर ते कॅबिनेट परत खोक्यात घालायला सांगावे.

नंतर काढलेला बाजूचा पत्रा पुन्हा बसवावा. तो एका दमात बसतो का, स्क्रूची छिद्रे आपोआप समोरासमोर येतात का, की गुडघ्याने रेटावे लागते? माझे पहिले कॅबिनेट मी चाळीसगावहून गावी मोटारसायकलवर दोरीने बांधून आणले होते. घरी पोहोचल्यावर एका बाजूचे छिद्र जे सरकले, ते पुढची सहा वर्षे जागेवर आले नाही. तो पत्रा मी चिकटपट्टीने धरून ठेवला. चूक दोरीची होती, तितकीच पिळून न पाहता घेण्याचीही.

शेवटी बंद पेटीच्या बाजूवर बोटाच्या पेराने टकटक करावी. डब्यासारखा लांबत जाणारा नाद आला, तर पुढे आवाजाचा त्रास होण्याची शक्यता आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्डडिस्क सेकंदाला १२० वेळा थरथरते आणि पातळ पत्रा तीच थरथर घुमवून ऐकवतो. हार्डडिस्क वापरणार असाल, तर तिच्या खणात थरथर शोषणारे रबरी बुशिंग आहे का तेही पाहावे. फक्त एसएसडी (फिरता भाग नसलेली साठवण) वापरणाऱ्यांनी हा मुद्दा सोडून द्यावा.

कडा, आटे आणि मागच्या पट्ट्या

आतल्या प्रत्येक कापलेल्या कडेवरून बोट अलगद फिरवावे. कड मुडपलेली किंवा गुळगुळीत घासलेली असावी. धार लागत असेल, तर आज बोट कापेल आणि उद्या केबलचे वेष्टण सोलले जाईल. शिवाय कापलेल्या उघड्या कडेपासूनच गंज सुरू होतो. बोर्डाखालचे स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे आट्यांचे छोटे खुंट) हातानेच सरळ आत जातात का हे एखादा फिरवून तपासावे. मागील बाजूस कार्डांच्या फटींवर ज्या पट्ट्या असतात, त्या स्वस्त कॅबिनेटांत पत्र्यातूनच अर्धवट कापलेल्या असतात आणि एकदा मोडून काढल्या की पुन्हा लागत नाहीत. कार्ड बदलले की तिथे कायमचे भोक राहते आणि कापसाच्या हंगामात, विशेषतः जिनिंगजवळच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याजवळच्या) वस्तीत, त्या भोकातून तंतू आत जातात. स्क्रूने लागणाऱ्या पट्ट्याच घ्याव्यात. समोरच्या, वरच्या आणि तळाच्या जाळीमागे काढून धुता येणारे फिल्टर असावेत, हेही याच कारणाने.

काच, ॲक्रिलिक आणि प्लास्टिक

बाजूला टफन (तापवून झटकन थंड करून कणखर केलेली) काच असलेली कॅबिनेटे आता सर्वत्र मिळतात. ही काच पृष्ठभागावर पुष्कळ सोसते. तिचे मर्म कडेत आणि कोपऱ्यात असते. चिनी मातीच्या टाइल्स अतिशय कठीण असल्यामुळे, साफसफाईसाठी काढलेली काच टाइलवर उभी टेकवताना कोपऱ्याला लहानसा टणका बसला, तरी संपूर्ण काच क्षणात बारीक तुकड्यांत विखुरते. म्हणून काढलेली काच नेहमी सतरंजीवर किंवा पलंगावर आडवी ठेवावी. ४ मिलिमीटर जाडीची, बिजागरीवर उघडणारी किंवा धातूच्या चौकटीत बसवलेली काच पसंत करावी. छिद्रांतून थेट स्क्रू घालून बसणाऱ्या काचेला रबरी वॉशर असलेच पाहिजेत. टफन झालेली काच नंतर कापता किंवा भोक पाडता येत नाही, त्यामुळे फुटल्यावर गल्लीतल्या काचवाल्याकडून तुकडा कापून आणण्याचा मार्ग उरत नाही. ॲक्रिलिक (काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक) सहजासहजी फुटत नाही, पण आपल्याकडची धूळ कोरड्या फडक्याने पुसली, की वर्षभरात त्यावर चरे उमटतात.

या काचेमुळे एक फसगत होते. ‘उचलून पाहा, किती जड आहे’ असे म्हणून कॅबिनेटची मजबुती पटवली जाते. ४ मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला सुमारे १० किलो भरते; म्हणजे ४५ × ४० सेंटिमीटरची बाजू एकटीच पावणेदोन ते दोन किलोंची असते. काच उतरवून ठेवावी आणि मग पेटी उचलावी. खरे वजन तेव्हा कळते.

समोरचा भाग बहुतेकदा एबीएस प्लास्टिकचा असतो. हे प्लास्टिक खोलीतल्या उन्हाने वितळत नाही, पण खिडकीतले थेट ऊन वर्षानुवर्षे पडत राहिल्यास पिवळे आणि ठिसूळ होते. तो भाग खुंट्यांनी अडकवलेला असल्याने त्याला धरून कॅबिनेट कधीही उचलू नये.

अर्थिंग तपासावे

धातूचे कॅबिनेट घेतल्यावर घरातील अर्थिंगकडे दुर्लक्ष करून चालत नाही. एसएमपीएसमधील (मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यातील) फिल्टरची रचनाच अशी असते, की अर्थ जोडलेला नसल्यास पेटीवर अल्पशी वीज उतरते आणि हात लावताच मुंग्या येतात. पेटी सदोष आहे असे समजून ती बदलण्यात अर्थ नाही. तीन पिनी प्लग अर्थ असलेल्या सॉकेटमध्येच लावावा, त्याची जाड पिन कधीही कापू नये, आणि सॉकेटला अर्थ येतो की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

घरी आणताना

रिकामे कॅबिनेट मूळ खोक्यात, दोन्ही बाजूंच्या थर्माकोलसह आणावे आणि ते खोके जपून ठेवावे. जुळवलेले मशीन जळगाव-धुळ्याहून बसने किंवा गाडीने न्यायचे असेल, तर जड ग्राफिक्स कार्ड शक्यतो काढून वेगळे न्यावे. ते शक्य नसेल, तर कॅबिनेट उभे न ठेवता काच वर आणि बोर्डामागची बाजू खाली अशा रीतीने जाड गोधडीवर आडवे करावे. असे केल्याने बोर्ड जमिनीला समांतर राहतो, कार्ड आपल्या खाचेत सरळ उभे राहते, आणि रस्त्यातल्या खड्ड्यांचा हिसका त्या खाचेला आडवा बसत नाही.