पुस्तक चढवण्याआधी एआयचा हिशेब कसा ठेवावा

केडीपीवर, म्हणजे स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करायच्या ॲमेझॉनच्या सेवेवर, पुस्तक चढवताना सप्टेंबर २०२३ पासून एक प्रश्न विचारला जातो: यात एआयनं तयार केलेला मजकूर, चित्रं किंवा भाषांतर आहे का? तिसऱ्या कादंबरीच्या वेळी मी तिथेच अडकले. मजकूर माझा, पण मुखपृष्ठाचं चित्र एआयचं. म्हणजे उत्तर 'हो'.

नियम समजून घ्या. एआयनं लिहिलेलं तुम्ही नंतर कितीही बदललंत, तरी ते एआयनिर्मितच धरलं जातं आणि तसं सांगावं लागतं. स्वतः लिहून फक्त चुका तपासून घेतल्या किंवा कल्पना सुचवून घेतल्या, तर सांगायची गरज नाही. पण सहा महिन्यांनी कुठला परिच्छेद कुणाचा हे आठवत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: तारीख, प्रकरण, काय विचारलं, त्यातलं काय घेतलं. जुना खर्डा पुसून त्यावरच नवा लिहू नका, नव्या तारखेनं वेगळी फाइल करा.

एआयला तपासायला देताना एका वेळी एकच प्रकरण द्या आणि स्पष्ट सांगा, 'चुका दाखव, बदलू नकोस.' मी हे सांगितलं नव्हतं. माझ्या कादंबरीतली आजी म्हणते, 'म्या न्हाई जायाची.' परत आलेल्या फाइलमध्ये ती म्हणत होती, 'मी जाणार नाही.' वाक्य शुद्ध झालं, आजी गेली. असे एकेचाळीस संवाद मी जुना खर्डा शेजारी ठेवून हातानं परत आणले. खर्डा होता म्हणून जमलं.

मुखपृष्ठासाठी, शक्य असेल तर, चित्रकाराला पैसे द्या. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकादंबरीतला लेखिकेचा मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण दिलं, मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या एआयनं काढलेल्या चित्रांना नाही. तसलंच चित्र उद्या दुसऱ्याच्या पुस्तकावर दिसलं, तर ते माझं आहे असं कशाच्या जोरावर म्हणणार? चौथ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ मी एका चित्रकर्तीकडून करून घेतलं आणि वापराचे हक्क लेखी घेतले.

पुस्तक आल्यावर महिन्यातून एकदा ॲमेझॉनच्या दुकानात स्वतःचं नाव शोधा. ऑगस्ट २०२३ मध्ये जेन फ्रीडमन या लेखिकेच्या नावावर तिनं न लिहिलेली पुस्तकं विक्रीला लागली होती. तिनं जाहीरपणे आवाज उठवला, मग ती पुस्तकं हटवली गेली. असं काही दिसलं तर आधी पानाचे स्क्रीनशॉट घ्या, तक्रार त्यानंतर करा.